आधी चाकं अडवा, मग पाणसळ बघा

आमचा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, पहिल्याच सहलीला उतारावर लावताना आठ-नऊ इंच सरकला. कुणाला लागलं नाही, काही फुटलं नाही. ट्रेलरचं नाक पेलणाऱ्या टंग जॅकची नळी तेवढी वाकली आणि माझा डावा पाय, बायको वेळेवर ओरडली म्हणून, शाबूत राहिला.

नॉर्थ कॅरोलिनातल्या ब्लू रिज डोंगरातली ऑक्टोबरची संध्याकाळ. साइट, म्हणजे ट्रेलर लावायची जागा, खडीची आणि रस्त्याकडे उतरती. ट्रेलर मी रिव्हर्स घेत चढावर नेला होता, त्यामुळे त्याचं नाक उताराकडे होतं. मुलं भुकेनं कुरकुरत होती. चाकांना प्लॅस्टिकच्या पाचरी लावल्या होत्या, पण चाकांच्या मागे. अर्धा तास रिव्हर्सशी झटापट केल्यावर डोक्यात 'मागे' हीच दिशा बसलेली. जॅकचं हँडल फिरवत ट्रेलरच्या नाकावरचा कपलर गाडीमागच्या बॉलवरून उचलला, 'टक्' असा आवाज आला आणि 2,700 किलोंचं घर सावकाश माझ्याकडे निघालं. जॅकचा पाय खालच्या लाकडी ठोकळ्यावरून घसरला, नाक आदळलं, पाय खडीत रुतला आणि त्या रुतण्यामुळेच ट्रेलर थांबला.

शेजारच्या साइटवरचे सत्तरीचे एक गृहस्थ कॉफीचा मग घेऊन आले. त्यांनी वाकून चाकं बघितली आणि एवढंच म्हणाले, की तू दोन कामं एकात करायला गेलास.

ते खरं होतं. उतारावर ट्रेलर लावताना दोन वेगळे प्रश्न सोडवायचे असतात. एक, तो सरकू द्यायचा नाही. दोन, तो आतून सपाट करायचा. पहिल्या प्रश्नाची साधनं दुसऱ्याला चालत नाहीत आणि दुसऱ्याची पहिल्याला तर मुळीच नाहीत. जॅक हा ब्रेक नव्हे, स्टॅबिलायझर (डुगडुगणं थांबवणारे कोपऱ्यांचे पाय) हा जॅक नव्हे. या अदलाबदलीतूनच अपघात होतात, आणि मीही तेच केलं होतं.

बैलगाडीवरून बघू

ज्यांनी ट्रॅव्हल ट्रेलर बघितलेला नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेत पिकअप किंवा मोठ्या एसयूव्हीच्या मागे ओढायचं चाकांवरचं घर. आत पलंग, ओटा, संडास-बाथरूम, फ्रिज. चाकं बहुधा मधोमध, थोडी मागच्या बाजूला. दोन आख एकामागे एक, म्हणजे एकूण चार चाकं. पुढे निमुळता सांगाडा, त्याच्या टोकाला कपलर. हा कपलर गाडीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, टोपीसारखा बसतो.

हे सगळं मला यूट्यूबपेक्षा आजोबांच्या बैलगाडीवरून लवकर कळलं. गाडी भरताना माल पुढे जास्त झाला तर बैलांच्या मानेवर ओझं येतं, गाडी धुरजड होते. मागे जास्त झाला तर जू वर उचललं जातं, गाडी उलाळ होते. ट्रेलरचं तंतोतंत तसंच. एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार पुढे कपलरवर यायला हवा, म्हणजे ट्रेलर जाणूनबुजून जरा धुरजडच ठेवायचा. उलाळ झालेला ट्रेलर हायवेवर शेपूट हलवायला लागतो. बैल सोडल्यावर जू जमिनीवर पडू नये म्हणून खाली जो दांडका उभा करतात, त्याला आमच्याकडे शिपाई म्हणत. टंग जॅक म्हणजे हाच शिपाई. 2,700 किलोंच्या ट्रेलरमध्ये या एका नळीवर तीनशे-साडेतीनशे किलो उभे असतात.

आता शिपाई कशासाठी असतो ते आठवा. वरून येणारा भार तो पेलतो. पुढून-मागून धक्का बसला तर त्याच्याच्यानं काही होत नाही, तो आडवा होतो. म्हणून आजोबा आधी चाकाला दगड लावायचे आणि मगच बैल सोडायचे. हे शहाणपण घरात असूनही मी 8,000 मैलांवर येऊन विसरलो.

उतार किती ढकलतो?

डोळ्यांना उतार नेहमी कमी वाटतो. हिशोब सोपा आहे. एक अंशाचा उतार म्हणजे 57 पावलं चालल्यावर एक पाऊल खाली. वजनाला 57 नं भागलं की त्या उतारावर ट्रेलर किती जोरानं खाली ओढला जातो ते कळतं. 2,700 किलोंच्या ट्रेलरला एका अंशात साधारण 47 किलो, तीन अंशांत 140 च्या घरात, पाच अंशांत 235. तीन अंश म्हणजे फार नाही. अशा जागेवर टेबल टाकलं तर चहाचा कप जागेवर राहतो, फक्त चहा एका बाजूला जरा चढलेला दिसतो.

यात एक फसवी जागा आहे. टायर खडीवर थोडे रुततात, त्यामुळे चाक फिरायलाच वजनाच्या दीड-दोन टक्के जोर लागतो. म्हणजे एका अंशाच्या उतारावर ट्रेलर पाचरीशिवायही उभा राहू शकतो, आणि आपल्याला वाटतं, बघा, हलतही नाही. मग कुणीतरी धाडकन दार लावतं, मुलं आत उड्या मारतात, आणि एवढा धक्का पुरतो.

ब्रेक आहेत ना, असा प्रश्न यावर हमखास येतो. आहेत, पण अमेरिकेतल्या ट्रॅव्हल ट्रेलरचे ब्रेक विजेवर चालतात आणि त्यांना हुकूम ओढणाऱ्या गाडीतून केबलनं जातो. केबल काढली की ब्रेक मोकळे. हँडब्रेक बहुतेकांना नसतोच. ब्रेकअवे स्विच नावाची एक पिन असते. धावताना ट्रेलर सुटला तर ती ओढली जाऊन ट्रेलरच्याच बॅटरीवर ब्रेक लागतात. काही हुशार मंडळी पार्किंगसाठी ती पिन ओढून ठेवतात. असं करू नका. बॅटरी उतरते, ब्रेकमधले चुंबक तापतात, आणि बॅटरी संपल्या क्षणी ट्रेलर पुन्हा मोकळा.

युरोपात कॅरॅव्हानला हँडब्रेक असतो, पण त्यातही मेख आहे. तिथले ब्रेक रिव्हर्समध्ये आपोआप सैल होतील असे बनवलेले असतात. त्यामुळे चढाकडे तोंड करून उभी असलेली कॅरॅव्हान हँडब्रेक ओढल्यावरही वीतभर मागे सरकून मगच धरते. जर्मनी किंवा इंग्लंडमध्ये भाड्यानं घेणाऱ्यांनी ही वीत लक्षात ठेवावी. पाचर तिथेही लागतेच.

अर्धं काम बुकिंग करतानाच

रिक्रिएशन डॉट गव्ह या अमेरिकी सरकारी वेबसाइटवर नॅशनल पार्क किंवा नॅशनल फॉरेस्टमधली जागा बुक करताना बरेच जण फक्त फोटो आणि नदीपासूनचं अंतर बघतात. त्याच पानावर खाली बऱ्याचदा ड्राइव्हवेचा उतार किती ते दिलेलं असतं, 'स्लाइट', 'मॉडरेट' वगैरे शब्दांत. जागेची लांबी आणि ती बॅक-इन (रिव्हर्स घेत शिरायची) आहे की पुल-थ्रू (एका बाजूनं शिरून दुसरीकडून निघायची) हेही असतं. नवशिक्यांनी सुरुवातीच्या दोन-चार सहली 'स्लाइट'च्या पुढे जाऊ नये. ॲरिझोना-युटामध्ये सरकारी मोकळ्या जमिनीवर फुकट राहायला जाणाऱ्यांना अशी यादी मिळत नाही; तिथे ट्रेलर रस्त्याला लावून आधी पायी जाऊन जागा बघून यावी.

जागेवर पोचलं की गाडीतून उतरायचं आणि रिकाम्या साइटवर एक फेरी मारायची. पाण्याची बाटली आडवी ठेवली तरी उतार कुठे आहे ते कळतं. मी तीन गोष्टी बघतो. उतार लांबीत आहे की रुंदीत. पाऊस झाला तर माती कुठे भुसभुशीत होईल. आणि चुकून ट्रेलर सुटलाच तर तो कुणावर जाईल. तिसऱ्याचं उत्तर 'शेजाऱ्यांच्या तंबूवर' असेल तर मी ती जागा सोडतो, नदी कितीही जवळ असली तरी.

लांबीतला उतार निस्तरता येतो, रुंदीतला त्रास देतो. एकाच साइटवर चार-पाच फूट पुढे-मागे केल्यानं किंवा ट्रेलर किंचित तिरका लावल्यानं रुंदीतला कल कधी कधी निम्मा होतो, हे मला फार उशिरा कळलं. ठोकळे काढण्याआधी हे करून बघा.

रुंदीचा कल गाडी जोडलेली असतानाच

ट्रेलर जागेवर आला, गाडी अजून जोडलेली आहे. याच वेळी डावी-उजवी बाजू समतल करायची. नंतर ते जमत नाही, कारण त्यासाठी ट्रेलर ओढून ठोकळ्यांवर चढवावा लागतो आणि ते गाडीच करू शकते.

किती उचलायचं हे अंदाजानं ठरवू नका. गवंड्याकडे असते तशी दोन फुटांची पाणसळ घ्या आणि ट्रेलरच्या फरशीवर आडवी ठेवा. तिचं खालच्या बाजूचं टोक नाण्यांनी किंवा प्लायच्या तुकड्यांनी बुडबुडा मधे येईपर्यंत उचला. दोन्ही बाजूंच्या चाकांमधलं अंतर साधारण सहा फूट, म्हणजे पाणसळीच्या तिप्पट. नाण्यांची चळत अर्धा इंच झाली तर चाकाखाली दीड इंच हवं. झालं. अंशांतच मोजायचं असेल तर सहा फुटांत एका अंशाला सव्वा इंच धरा. फोनमधलं लेव्हलचं ॲपही चालतं, फक्त कॅमेऱ्याचा उंचवटा आणि कव्हर याचा विचार करा. माझा फोन कित्येक महिने सपाट टेबलालाही तिरकं म्हणत होता.

उचलायला प्लॅस्टिकचे एकमेकांत बसणारे, साधारण इंचभर जाडीचे ठोकळे मिळतात. दुसरा प्रकार केळ्याच्या आकाराचा वक्र उंचवटा: चाक त्यावर हळूहळू चढवत जायचं आणि बुडबुडा मधे आला की थांबायचं. मला वक्रवाला आवडतो, कारण त्यात 'अजून अर्धा इंच हवा होता' हे भांडण होत नाही. साधी दोन बाय दहा इंचांची लाकडी फळीही उत्तम. काहीही वापरा, दोन नियम पाळा. दोन आख असतील तर खालच्या बाजूची दोन्ही चाकं उचला. एकच उचललं तर दोघांचा भार एकाच टायरवर आणि स्प्रिंगच्या एकाच पाट्यावर येतो. आणि टायरचा जमिनीला टेकणारा सगळा भाग ठोकळ्यावर पूर्ण बसला पाहिजे. टायर काठावरून बाहेर लोंबत असेल तर त्याच्या आतले पट्टे दुखावतात. ते लगेच दिसत नाही, हायवेवर टायर फुटल्यावर दिसतं.

वर जायला मर्यादा आहे. तीन-चार इंचांपुढे जावं लागत असेल तर जागाच चुकली आहे असं मी समजतो. चार थरांच्या मनोऱ्यावर घर उभं करून त्यात मुलं झोपवायची माझी तयारी नाही.

आता पाचर, आणि तीही घट्ट

रुंदी जमली. आता गाडी न सोडता चाकं अडवायची. उताराच्या बाजूला आधी. नाक खाली असेल तर चाकांच्या पुढे, नाक वर असेल तर मागे. मग उलट्या बाजूलाही, म्हणजे चाक दोन पाचरींच्या चिमट्यात. ट्रेलरच्या दोन्ही अंगांना असं करायचं. मात्र खरा भरवसा जमिनीवर टेकलेल्या बाजूच्या चाकांवर ठेवा; ठोकळ्यांवर चढवलेल्या चाकाला लावलेली पाचर ठोकळ्यासकट सरकू शकते.

पाचर कसली? सिमेंटवर जड रबराची. हलकी पिवळी प्लॅस्टिकची दिसायला छान, पण खडीवर ती चाकापुढे बर्फावरच्या घसरगाडीसारखी निघते. माझ्या त्या दिवशीच्या पाचरी योग्य बाजूला असत्या तरी त्यांनी कितपत धरलं असतं, शंकाच आहे. उंची चाकाच्या व्यासाच्या चौथ्या हिश्शाइतकी तरी हवी. दगड चालतो का? खंबाटकी घाटात बंद पडलेल्या ट्रकचा क्लीनर दगडच लावतो, आणि त्या वेळी तो लाख मोलाचा असतो. पण गोल दगड गडगडतो आणि रात्रभराच्या मुक्कामाला पाचरीच्या तिरप्या अंगाची सर त्याला येत नाही. दोन आखांमधल्या चाकांमध्ये आडवं ताणून बसवायचं स्क्रूचं साधनही मिळतं. त्यानं आतलं डुगडुगणं छान थांबतं. त्याला पाचरीचा जोडीदार समजा, बदली खेळाडू नको.

पाचर लावून झाली की बहुतेक लोक गाडी पी (पार्क) मध्ये टाकून उतरतात. इथे एक छोटी पायरी राहते. पायाचा ब्रेक दाबलेला असताना गाडी न्यूट्रलला टाका आणि ब्रेक हळूहळू सोडा. गाडी-ट्रेलर बोटभर सरकून पाचरींवर विसावतील. आता कळलं की पाचर धरते आहे. मग हँडब्रेक, मग पी. या क्रमामुळे गिअरबॉक्समधल्या पी च्या बारीक खिट्टीवर सगळा भार येत नाही. पाचर धरत नसेल तर तेही याच वेळी, पाय ब्रेकवर असताना कळतं. जॅकच्या शेजारी उभं असताना कळण्यापेक्षा हे बरं.

पिकअपवाल्यांना आणखी एक सांगायचं आहे. बहुतेक पिकअपमध्ये हँडब्रेक आणि पी हे दोन्ही मागच्या चाकांना धरतात. वेट डिस्ट्रिब्युशन हिचच्या (कपलरवरचा भार पुढे-मागे वाटून देणाऱ्या जोडणीच्या) सळया काढण्यासाठी आपण टंग जॅकनं ट्रेलरचं नाक आणि त्याबरोबर पिकअपची शेपूट वर उचलतो. म्हणजे जी चाकं ब्रेक धरून आहेत त्यांच्यावरचंच वजन आपण काढून घेतो. ती हलकी झाली की घसरतात आणि ट्रेलरसकट सगळा लवाजमा उताराला लागतो. तेव्हा पाचर नसेल तर हातात काहीच उरत नाही.

सोडायचं की नाही?

एकाच रात्रीचा मुक्काम असेल आणि उतार फार त्रास देणारा नसेल तर गाडी सोडूच नका. पाचरी लावा, रुंदी सपाट करा, जेवा, झोपा. हा पर्याय कुणी ठळकपणे सांगत नाही, कारण त्यात कौशल्य दिसत नाही.

सोडायचीच असेल तर टंग जॅकखाली रुंद लाकडी ठोकळा ठेवा, म्हणजे पाय मातीत रुतणार नाही. कपलरची खिट्टी उघडा. उतारावर ती बऱ्याचदा उघडत नाही, कारण ट्रेलर बॉलला रेटून उभा असतो. हातोडी आणू नका. बायकोला किंवा नवऱ्याला गाडीत बसवून अर्धा इंच पुढे किंवा मागे घ्यायला सांगा, ताण सैल होतो आणि खिट्टी बोटानं उघडते. त्या वेळी गाडी आणि ट्रेलर यांच्या मधे कुणीही उभं राहायचं नाही. आमच्या घरी यासाठी एकच शब्द ठरलेला आहे, 'थांब'. तो कुणीही, सात वर्षांच्या मुलीनंही, कधीही उच्चारला की सगळं थांबतं. कारण नंतर विचारायचं.

आणि गाडी-ट्रेलरला जोडून ठेवणाऱ्या सेफ्टी चेन. पहिल्या सहलीला मी त्या आधीच काढून टाकल्या होत्या, अडगळ वाटली म्हणून. आता कपलर बॉलवरून दोन इंच वर येईपर्यंत त्या अडकवलेल्याच असतात. तिथे थांबायचं, मिनिटभर बघायचं, ट्रेलरला हातानं हलवून बघायचं. सरकला तर चेन धरतील. नाही सरकला तर चेन आणि केबल काढून गाडी पुढे घ्यायची.

यानंतर लांबीचा कल. तो जॅकच्या हँडलवर निस्तरतो. नाक खाली असेल तर वर घ्या, वर असेल तर खाली. आखापासून जॅकपर्यंत पंधराएक फूट असतात, म्हणजे एका अंशाला तीन इंचांहून थोडं जास्त. चार अंश म्हणजे फूटभर! इतका उंच ताणलेला जॅक लटपटतो, म्हणून उरलेली उंची खालच्या ठोकळ्यांनी भरून काढा. ठोकळे एकावर एक उभे-आडवे रचायचे. नाक फार वर असण्याची उलटी अडचण जास्त चिडचिडी. जॅक पूर्ण आत घेतला तरी नाक पुरेसं खाली येत नाही. त्याला उपाय एकच, गाडी पुन्हा जोडून चारही चाकं ठोकळ्यांवर घ्यायची, म्हणजे मागची बाजू उचलली जाते. हे दिवेलागणीला लक्षात आलं तर संसाराची परीक्षा होते. म्हणून सोडण्याआधीच पाणसळ लांबीतही एकदा ठेवून बघा.

चार कोपऱ्यांचे स्टॅबिलायझर सगळ्यात शेवटी. डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली आपण कागदाची घडी सरकवतो, तेवढंच त्यांचं काम. जमिनीला टेकले, थोडे घट्ट झाले, बस. 'ही बाजू जरा खाली आहे, स्टॅबिलायझरनं उचलू' हा मोह दर सहलीला होतो. ट्रेलरचा सांगाडा आखांवर पेलला जाईल असा बांधलेला असतो. कोपऱ्यातून उचललं की तो पिळवटतो. मग दार लागत नाही, खिडकीच्या कडेनं पाणी येतं. मोठ्या ट्रेलरना हायड्रॉलिक पाय असतात आणि ते खरोखर उचलू शकतात. त्यांच्यावरही चाकं जमिनीवरून पूर्ण उचलू नका. पाचर चाकाला धरते. चाक हवेत गेलं की तिच्याकडे धरायला काही उरत नाही.

एवढा सपाटपणा कशासाठी?

झोपेसाठी, अर्थात. डोकं खाली असेल तर सकाळी ते जड होतं. अगदीच जमलं नाही तर उशी चढाच्या बाजूला घ्या. मोरीचं पाणी जाळीकडे जायला हवं. पण खरा नाजूक जीव म्हणजे फ्रिज.

जुन्या आणि अजूनही बऱ्याच ट्रेलरमध्ये गॅसवर चालणारा फ्रिज असतो. आगीनं थंड करणारं हे यंत्र स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठातल्या बाल्ट्झार फॉन प्लाटन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी 1922 मध्ये शोधलं. त्यात मोटार नाही, कॉम्प्रेसर नाही, हलणारा एकही भाग नाही. अमोनिया आणि पाण्याचं मिश्रण खाली तापवलं जातं. पर्कोलेटर नावाच्या कॉफीच्या भांड्यात चढतात तसे बुडबुडे नळीतून चढतात. अमोनिया वर जाऊन थंड होतो, हायड्रोजनच्या सोबतीनं त्याची पुन्हा वाफ होते आणि ती होताना तो आतली उष्णता शोषून घेतो. मग पाण्यात विरघळून नळ्यांच्या वेटोळ्यांतून उतरत पुन्हा खाली येतो. हे उतरणं निव्वळ गुरुत्वाकर्षणावर चालतं. पाटाच्या पाण्यासारखं. पाटाचा उतार बिघडला की पाणी मधेच साचतं, तसं इथे होतं. द्रव वेटोळ्यात अडकतो, तापणारं भांडं कोरडं पडतं आणि भलतंच तापतं. नळ्या गंजू नयेत म्हणून आत घातलेलं रसायन त्या उष्णतेनं खड्यांसारखं सुटून नळीत बसतं. हे नुकसान परत भरून येत नाही आणि दर सहलीला थोडं थोडं साठत जातं. एक दिवस फ्रिज थंड करायचं थांबवतो. चालत्या गाडीत हा त्रास होत नाही, कारण हिंदकळण्यानं द्रव साचून राहत नाही.

या फ्रिजच्या बऱ्याच मॅन्युअलांत मर्यादा दिलेली असते: फ्रिजकडे तोंड करून उभं राहिल्यावर डावी-उजवीकडे 3 अंश आणि पुढे-मागे 6 अंश. इथे अनेकांचा गोंधळ होतो. फ्रिज बहुधा ट्रेलरच्या बाजूच्या भिंतीला बसवलेला असतो. त्यामुळे फ्रिजची डावी-उजवी म्हणजे ट्रेलरचं पुढे-मागे. म्हणजे कडक मर्यादा आपण सर्वांत शेवटी, दमल्यावर, 'चालेल आता' म्हणत जमवतो त्या लांबीच्या कलाला लागू होते. पाणसळ एकदा फ्रिजरच्या तळाशीच ठेवून बघावी. आणि जागा जमतच नसेल तर फ्रिज बंद करून बर्फाच्या पेटीवर रात्र काढावी. नव्या ट्रेलरमध्ये 12 व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज येतो, त्याला कलाचं एवढं वावडं नाही.

निघताना

मुक्काम हलवण्याच्या सकाळी सगळ्यांच्या अंगात घाई असते. कुणीतरी मदत म्हणून पाचरी आधीच गोळा करतं. मुलांना तर ते काम फार आवडतं, हाताला येईल अशी जड वस्तू! आमच्याकडे पाचरीला हात लावायची परवानगी ट्रेलर जोडून झाल्याशिवाय कुणालाच नाही. आधी स्टॅबिलायझर वर, मग कपलर बॉलवर, खिट्टी, तिची पिन, चेन, केबल, जॅक वर. मग पाचरी जागेवर असतानाच गाडी पहिल्या गिअरमध्ये हलकेच पुढे रेटून बघायची. कपलर नीट बसला नसेल तर तो इथेच, पाचरीनं धरलेल्या ट्रेलरवरून सुटतो. बसला असेल तर गाडीच्या मागे एक घट्ट ओढ जाणवते.

मग मी पायाचा ब्रेक दाबून बसतो आणि बायको पाचरी काढते. त्या चढाच्या बाजूच्या आधी निघतात. उताराच्या बाजूची रुतून बसलेली असते, तिच्यासाठी मला ट्रेलर बोटभर चढाकडे घ्यावा लागतो. आमच्या चार चाकांच्या आठ पाचरी आहेत. ती मोठ्यानं मोजत त्या मागच्या डिकीत टाकते, मराठीत, आणि 'आठ' ऐकू आल्याशिवाय मी ब्रेकवरून पाय उचलत नाही.